फटाक्यांच्या रात्री मांजराची जागा

फटाक्याच्या आवाजाने भेदरलेले मांजर आधी जागा शोधते, माणूस नंतर. कुत्रा घाबरला की मालकाच्या पायांत घुटमळतो, कुशीत शिरू पाहतो. मांजर पलंगाखाली, कपाटाच्या माथ्यावर किंवा वॉशिंग मशीनमागच्या फटीत दिसेनासे होते आणि सगळे निवळल्याची खात्री पटेपर्यंत बाहेर येत नाही. कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणत. एरवी या म्हणण्यावर वाद घालता येईल, पण भीतीच्या क्षणी ते खरे ठरते. म्हणून दिवाळीत मांजराला मदत करायची म्हणजे लपायला चांगली जागा आधीच तयार ठेवायची, तिथपर्यंतची वाट मोकळी ठेवायची आणि एकदा ते आत शिरले की त्याला तिथेच राहू द्यायचे. बाकीचे उपाय या जागेच्या भोवतीचे आहेत.

बेंगळुरूच्या पूर्वेकडचा के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हा भाग या प्रश्नाच्या साऱ्या बाजू एका ठिकाणी दाखवतो. जुना मद्रास रस्ता, आउटर रिंग रोड आणि रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात. 2003 मध्ये खुला झालेला, तारांवर तोललेला आणि सगळीकडे ‘हँगिंग ब्रिज’ म्हणून ओळखला जाणारा पूल इथलाच. जवळच्या दूरवाणीनगरात 1948 मध्ये टेलिफोनचा कारखाना निघाला, पुढे व्हाइटफील्डकडे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि 2023 पासून जांभळ्या मार्गिकेची मेट्रो धावू लागली. नोकरीसाठी पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून आलेली मराठी कुटुंबे इथल्या उंच इमारतींत राहतात. त्यांची मांजरे पाचव्या, दहाव्या मजल्यावर वाढतात आणि जमिनीला पाय क्वचितच लावतात. इमारतींच्या पायथ्याशी लेआउटमधली स्वतंत्र घरे असतात. तिथे कन्नड, तमिळ, तेलुगू कुटुंबे आपापल्या रीतीने सण साजरा करतात. फटाके खाली उडतात आणि त्यांचा आवाज वर राहणाऱ्या मांजरांच्या कानांवर आदळतो.

या शेजारामुळे आवाजाचे वेळापत्रकही ठरते. तमिळ घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून स्नान झाले की लगेच माळ लागते. मराठी घरात त्याच वेळी उटणे आणि अभ्यंगस्नान चाललेले असते. मग लक्ष्मीपूजनाची रात्र येते आणि त्यानंतर कर्नाटकात मोठ्या हौसेने साजरी होणारी बलिपाड्यमी, म्हणजे आपला पाडवा. याखेरीज गणपतीचे विसर्जन, 31 डिसेंबरची मध्यरात्र आणि लग्नाच्या वराती असतातच. क्रिकेटचा भरवसा तर कुणीच देऊ शकत नाही. 3 जून 2025 रोजी बेंगळुरूच्या संघाने पहिल्यांदा आयपीएल जिंकले, त्या रात्री शहरभर अचानक फटाके फुटले. दिवाळीची तारीख पंचांगात दिसते, अशा रात्रींची दिसत नाही. त्यामुळे मांजराची लपण्याची जागा सणापुरती न करता बारा महिन्यांची करावी लागते.

कानात काय होते

मांजराचा कान किती तीक्ष्ण असतो, याचे मोजमाप रिकी आणि हेन्री हेफनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केले. मांजराला सुमारे 48 हर्ट्झपासून 85 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. माणसाची वरची मर्यादा साधारण 20 हजारांची आणि कुत्र्याची 45 हजारांच्या आसपासची. भिंतीआड चिरकणाऱ्या उंदराच्या पिल्लांचा, माणसाला मुळीच न ऐकू येणारा आवाज टिपण्यासाठी घडलेला हा कान आहे. कानाची पाळी स्वतंत्रपणे वळते आणि आवाज नेमका कुठून आला, हे मेंदूला पटकन सांगते. शिट्टी वाजवत जाणाऱ्या बाणाचा बारीक आवाज आणि सुतळी बॉम्बचा खर्जातला दणका ही दोन्ही टोके या पट्ट्यात येतात.

फटाक्यांच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. केंद्र सरकारने 1999 मध्ये ठरवलेल्या नियमानुसार, फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवता, विकता किंवा उडवता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा 8 मीटरवर 119, 16 मीटरवर 113, 32 मीटरवर 107 आणि 64 मीटरवर 101 डेसिबल ऐकू येतो. चौसष्ट मीटर म्हणजे शेजारची इमारत. दोन उंच भिंतींच्या मधे तर आवाज आपटून परत येतो आणि प्रत्यक्षात याहून कमी उतरतो. आकाशात फुटणाऱ्या फटाक्यांचे गणित आणखी वेगळे आहे. जमिनीवरची लवंगी दहाव्या मजल्यापर्यंत पोचेतो मंदावते, पण वर जाऊन फुटणारा गोळा दहाव्या मजल्याच्या खिडकीसमोरच फुटतो. वर राहतो म्हणून आपले मांजर सुरक्षित, हा समज त्यामुळे पुष्कळदा चुकीचा ठरतो.

इथे एक प्रश्न सहज पडतो. के. आर. पुरमची मांजरे रात्रंदिवस आवाजातच जगतात. रेल्वे इंजिनांची शेड इथे आहे, गाड्यांचे भोंगे आहेत, रिंग रोडची वाहतूक तर पहाटेही थांबत नाही. जे मांजर मालगाडीच्या भोंग्याला कानही हलवत नाही, ते एका फटाक्याने घरभर का पळते? याचे उत्तर आवाजाच्या मोठेपणाइतकेच त्याच्या स्वभावात आहे. गाडीचा आवाज लांबून येतो, हळूहळू वाढतो, ओळखीचा असतो आणि त्यानंतर काहीच वाईट घडत नाही. मेंदू अशा आवाजाची नोंद घेणे सोडून देतो. फटाका कुठलीही सूचना न देता फुटतो, पुन्हा कधी फुटेल हे कळत नाही, कुठून येईल हेही कळत नाही आणि सोबत उजेडाचा लोळ व दारूचा वास असतो. अशा आवाजाची सवय होण्याऐवजी प्रत्येक फेरीला भीती वाढू शकते. पहिल्या दिवाळीत नुसते दचकलेले पिल्लू तिसऱ्या दिवाळीत फुलबाजीचा वास आला की आधीच लपते, असे त्यामुळेच घडते.

मांजर शिकारी आहे, पण लहान अंगाचे असल्यामुळे स्वतः शिकार होण्याची भीतीही त्याच्या रक्तात आहे. धोका दिसताच अॅड्रेनालिन उसळते, काळीज धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात, आतड्यांचे आणि मूत्राशयाचे नेहमीचे काम बिघडते. पळून लपणे हा त्याचा पहिला उपाय. लपायला जागा मिळाली तर शरीर हळूहळू पूर्वपदावर येते. जागा मिळाली नाही तर तेच मांजर ओरबाडते, चावते, भिंतीवर चढू पाहते किंवा उघड्या खिडकीकडे झेप घेते.

घाबरलेले मांजर ओळखणे माणसाला जड जाते, कारण ते ओरडत नाही. न्यूझीलंडमध्ये कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांची एक पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. मालकांच्या सांगण्यानुसार त्यांतल्या जवळजवळ निम्म्या प्राण्यांना फटाक्यांची भीती वाटत होती, पण त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेले मालक थोडेच होते. मांजराच्या बाबतीत हे दुर्लक्ष अधिक होते. कान चपटे करून मागे वळवणे, पोट जमिनीला टेकवून चालणे, शेपटी अंगाशी घट्ट लपेटणे, विस्फारलेल्या बाहुल्या, भराभर श्वास, एकाच जागी थिजून बसणे, न खाणे, लिटर बॉक्स सोडून दुसरीकडे लघवी करणे, एकच जागा चाटत राहणे, ही सगळी भीतीची चिन्हे आहेत. मांजर कधी कधी वेदनेत आणि भीतीतही गुरगुरते. त्यामुळे गुरगुर ऐकू आली म्हणजे सगळे ठीक, असे धरून चालत नाही. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर तर नेहमीच काळजीचे, मग कारण फटाके असोत की आणखी काही.

खिडक्या, जाळ्या आणि बाल्कनी

बेंगळुरूची हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात इतकी सुखद असते की खिडक्या आणि बाल्कनीचे दार दिवसभर उघडे राहते. मांजरासाठी सणातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. आवाजाने पुढे भीती उरते, पण उंचावरून पडल्यावर जीव जातो किंवा हाडे मोडतात. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयात उंच इमारतींवरून पडून आलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. ही मांजरे अवघ्या पाच महिन्यांत आली होती. उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचली, पण छाती, जबडा आणि पाय यांच्या दुखापती अनेकांना होत्या. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, हे वाक्य त्या रुग्णालयात काम करणारा कुणी उच्चारणार नाही.

बेंगळुरूतल्या बहुतेक बाल्कन्यांना कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते. ती कबुतराला अडवते. घाबरून सगळ्या बळानिशी आदळणाऱ्या चार किलोंच्या बोक्याला अडवेलच असे नाही, कारण उन्हाने नायलॉन ठिसूळ होते आणि कोपऱ्यातले हूक सैल होतात. खिडकीच्या सरकत्या डासजाळीचीही तीच गत: पंजाने ती बाजूला सरकते. दिवाळीच्या पंधरवड्याआधी जाळीचा प्रत्येक हूक हाताने ओढून पाहावा, भोके बुजवावीत आणि जमत असेल तर स्टीलच्या तारांची जाळी बसवून घ्यावी. स्वयंपाकघरामागची छोटी बाल्कनी, जिला इथे सगळे ‘युटिलिटी’ म्हणतात, ती हमखास विसरली जाते. वॉशिंग मशीनवर उडी मारली की कठडा मांजराच्या आवाक्यात येतो. फटाक्यांच्या दिवसांत हे दार दुपारपासूनच बंद ठेवलेले बरे.

घराचे मुख्य दार हा दुसरा धोका. दिवाळीत फराळाची ताटे घेऊन शेजारी येतात, मुले आत-बाहेर करतात, दारात रांगोळी आणि पणत्या असतात. या गर्दीत मांजर जिन्यावर निसटले की ते खालच्या दिशेनेच जाईल असे नाही. मांजराची खोली दारापासून लांबची असावी आणि तिच्या दारावर ‘आत मांजर आहे’ अशी चिठ्ठी कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही लावावी. पाहुण्यांना ती चिठ्ठी थोडी विचित्र वाटते, पण तिचा उपयोग होतो.

जागा कशी असावी

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आश्रयगृहात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे अधिक शांत झाली. ज्यांना मिळाले नाही, त्यांचा ताण उतरायला जास्त दिवस लागले. ऑनलाइन मागवलेल्या सामानाबरोबर येणारे पुठ्ठ्याचे खोके या कामाला पुरेसे आहे, ही फार मोठी सोय आहे.

खोली निवडताना घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. रस्त्याच्या किंवा मोकळ्या मैदानाच्या बाजूची खोली नको. बाहेरच्या भिंती कमी असलेली, मधली खोली किंवा पॅसेजलगतची जागा चांगली. कपड्यांनी भरलेले लाकडी कपाट ही घरातली सगळ्यात निवांत जागा असते, कारण कपडे आवाजाचे वरचे सूर शोषून घेतात. खालचा कप्पा रिकामा करून त्यात जुनी गोधडी घालावी आणि दार वीतभर उघडे राहील असे दोरीने बांधून टाकावे. पडद्याने आवाज फारसा अडत नाही, पण उजेडाचे लोळ अडतात, म्हणून जाड पडदे ओढून दिवा लावून ठेवावा. खिडकीची काच घट्ट लावली तर आवाजात जाणवण्याइतका फरक पडतो. फटींत जुनी चादर कोंबली तर आणखी.

दोन मांजरे असतील तर दोन खोकी, आणि तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत, कारण घाबरलेले एक मांजर दुसऱ्यावर राग काढते. उंचावर बसणाऱ्या मांजरासाठी कपाटाच्या माथ्यावर जागा करावी. म्हातारे किंवा सांधेदुखीचे असेल तर खालीच. लिटर बॉक्स, पाणी आणि थोडे कोरडे खाणे याच खोलीत ठेवावे. लिटर आणि पाणी मात्र शेजारी-शेजारी नकोत. गोधडी धुतलेली नसावी. मांजर आपल्या गालांवरच्या ग्रंथींचा वास वस्तूंना लावून ‘हे माझे’ असे ठरवत असते आणि धुतलेल्या कापडातून ती खूण निघून जाते. ही जागा सणाच्या दिवशी तयार करून उपयोग नाही. निदान दोन-तीन आठवडे मांजराने तिथे झोपून, खाऊन, खेळून ती आपली मानलेली असली पाहिजे. मांजराने स्वतःच दुसरी जागा निवडली असेल, समजा न्हाणीघरातल्या बादलीमागे, तर माणसाने हट्ट सोडून तीच जागा मऊ आणि सुरक्षित करावी.

गालांच्या त्या वासाची रासायनिक प्रतिकृती बाजारात मिळते. पॅट्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्याने 1990 च्या दशकात तिचा शोध लावला आणि ‘फेलिवे’ या नावाने ती विकली जाते. प्लगमध्ये लावायचे उपकरण फटाक्यांच्या एक-दोन दिवस आधी लपण्याच्या खोलीत सुरू करावे लागते. काही मांजरांना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही. या उपकरणावर भरवसा ठेवून खोकी आणि जाळ्या विसरणे मात्र महागात पडेल. सुगंधी तेलांचे दिवे आणि उदबत्त्या त्या खोलीत नकोत, कारण कित्येक सुगंधी तेले मांजराच्या यकृताला सोसत नाहीत.

आवाज झाकण्यासाठी पंखा, वॉशिंग मशीन किंवा एकसुरी वाजणारा तानपुरा लावता येतो. सूर मंद आणि सतत असावा. फटाक्यावर मात करायला टीव्ही मोठ्याने लावला तर मांजराच्या दृष्टीने एकाऐवजी दोन संकटे होतात. डेव्हिड टाय या अमेरिकी चेलोवादकाने गुरगुर आणि दूध पिण्याच्या लयीवर बेतलेले संगीत मांजरांसाठी रचले. मांजरे माणसांच्या संगीतापेक्षा त्यात अधिक रस घेतात, असे 2015 च्या एका अभ्यासात दिसले.

संध्याकाळचा क्रम

फटाक्यांच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दोरीला पीस बांधून मांजराशी मनसोक्त खेळावे. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणे, मग झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. खेळानंतर पाचच्या आत पोटभर ओले खाणे दिले की अंधार पडताना ते आपोआप सुस्तावते. मग खिडक्या, पडदे, युटिलिटीचे दार, दिवा आणि पंखा. नरकचतुर्दशीच्या पहाटेसाठी ही सगळी तयारी आदल्या रात्री झोपण्यापूर्वी करून ठेवावी, कारण पहाटे उटणे लावलेल्या हातांनी खिडक्या बंद करायला कुणाला वेळ नसतो.

आवाज सुरू झाल्यावर माणसाने काय करावे, यावर फार गैरसमज आहेत. घाबरलेल्या मांजराला गोंजारले तर ते आणखी भित्रे होते, हा त्यांपैकी एक. भीती ही भावना आहे, बक्षीस देऊन वाढवता येणारी सवय नव्हे. मांजर स्वतःहून मांडीवर आले तर हळूहळू हात फिरवावा. आले नाही तर त्याच खोलीत पुस्तक घेऊन निमूट बसावे. घरातल्या माणसाची हालचाल नेहमीसारखी असणे, हाच त्याला मिळणारा धीर. त्याच्याकडे टक लावून पाहू नये. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली तर मांजर तशीच उघडझाप करून उत्तर देते, हे ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. पलंगाखालून ओढून काढणे, मुलांनी टॉर्च मारून पाहणे, ‘सवय होऊ दे’ म्हणून गॅलरीत घेऊन जाणे हे मांजरावर अन्याय करणारे प्रकार आहेत. कुत्र्यांसाठी मिळणारे घट्ट जाकीटही मांजराला चालत नाही. ते घातल्यावर कित्येक मांजरे एका कुशीवर थिजून पडतात आणि त्या थिजण्याला मालक शांतता समजतो.

औषधे

ज्या मांजराची भीती पराकोटीची आहे, जे दोन-दोन दिवस खात नाही किंवा स्वतःला इजा करून घेते, त्याला औषध देणे हे दयेचे काम आहे. त्यात कमीपणा काही नाही. पशुवैद्य आज बहुधा गाबापेंटिन सुचवतात. प्रवासाला आणि दवाखान्याला घाबरणाऱ्या मांजरांवर ते उपयोगी पडते, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले होते. ते आवाज सुरू होण्याच्या दोन-एक तास आधी, ओल्या खाण्यात मिसळून दिले जाते. त्याने झोप येते आणि पाय थोडे लटपटतात, म्हणून त्या संध्याकाळी उंच जागा बंद कराव्यात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला मात्रा कमी लागते. कुठलेही औषध प्रथम दिवाळीच्या रात्री देऊ नये. आठ-दहा दिवस आधी, शांत दिवशी, एकदा देऊन परिणाम पाहावा. मात्रा डॉक्टरच ठरवतील, आणि तेही मांजराला तपासून.

पूर्वी सर्रास दिले जाणारे एसेप्रोमाझिन एकट्याने देणे आता टाळले जाते. ते शरीर ढिले करते, पण भीती तशीच राहते. मांजर हलू शकत नाही आणि ऐकत मात्र राहते, ही कल्पनाच करवत नाही. माणसांच्या औषधांच्या डब्यातले काहीही मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच.

सणात दवाखाने बंद असतात, म्हणून चोवीस तास उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आधीच विचारून ठेवावे. बेंगळुरूत हेब्बाळला 1958 पासूनचे सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि 1991 पासून प्राण्यांसाठी काम करणारी ‘कूपा’ ही संस्था आहे. के. आर. पुरमहून हेब्बाळला जायचे म्हणजे रिंग रोडची वाहतूक आली. तो वेळ हिशेबात धरावा लागतो.

औषधापेक्षा लांब पल्ल्याचा उपाय म्हणजे आवाजाची हळूहळू ओळख. गणेशचतुर्थीपासून नरकचतुर्दशीपर्यंत, अधिक मास आला नाही तर, साधारण पावणेदोन महिने मिळतात. गणपतीचा सुरुवातीचा गलबला ओसरला की फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात लावावे आणि त्याच वेळी मांजराला सगळ्यात आवडते खाणे द्यावे. मांजराने कान टवकारून पुन्हा खाणे सुरू केले तर आवाज बरोबर आहे. खाणे सोडले तर तो जास्त झाला. दर दोन-तीन दिवसांनी केसभर वाढवत जावे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बॉम्बचा खर्ज येतच नाही, म्हणून मोठा स्पीकर हवा, आणि तरीही अंगात घुमणारा दणका घरात तयार करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. पिल्लांच्या बाबतीत याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. दोन ते सात आठवड्यांच्या वयात अनुभवलेल्या गोष्टी मांजराला पुढे आयुष्यभर कमी परक्या वाटतात.

गावी जाणे, शेजारी आणि कायदा

दिवाळीला पुण्याला किंवा बेळगावला जाणाऱ्या कुटुंबापुढे मांजराचे काय, हा प्रश्न असतोच. अनोळखी हॉस्टेलमध्ये, अनोळखी वासांत आणि शेजारच्या पिंजऱ्यांतल्या मांजरांसमोर फटाके ऐकणे हे त्याच्यासाठी सगळ्यात अवघड. आपल्या घरात, आपल्या कपाटात, दिवसातून दोनदा येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर राहणे बरेच सोपे. एकटे राहणाऱ्या मांजरासाठी खिडक्या आणि युटिलिटीची जबाबदारी त्या माणसाला स्पष्ट समजावून द्यावी.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रांत तर कधीच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ दिली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचाच आग्रह धरला. हे हरित फटाके नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. त्यांत धूर कमी होतो, आवाज नाहीसा होत नाही. मांजराच्या दृष्टीने ‘हरित’ या शब्दावर फार विसंबता येत नाही. बेंगळुरूजवळच्या अत्तिबेले इथे 7 ऑक्टोबर 2023 रोजी फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागून चौदाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर राज्य सरकारने फटाक्यांवरचे निर्बंध कडक केले.

नियम मोडला तर 112 वर पोलिसांना कळवता येते. पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला त्याहून लवकर फळ देते ते आधी केलेले बोलणे. फटाके इमारतींच्या मधल्या चौकात न उडवता आवाराच्या एका टोकाला, ठरलेल्या तासाभरात उडवावेत, अशी विनंती रहिवासी संघाकडे महिनाभर आधी केली तर ती बहुधा मानली जाते, कारण तान्ही बाळे आणि आजारी आजी-आजोबा बहुतेक मजल्यांवर असतात. वेळ नक्की झाली की मांजराच्या माणसालाही तयारी सोपी जाते.

निसटले तर, आणि नंतर

सगळी काळजी घेऊनही मांजर निसटले तर पहिला शोध इमारतीच्या आतच घ्यावा. हरवलेल्या मांजरांचा एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश मांजरे सुटलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच सापडली होती. जिन्याखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये, जनरेटरच्या खोलीत, गाडीच्या बॉनेटखाली, पाइपांच्या डक्टमध्ये टॉर्चने पाहावे. उजेड पडला की डोळे चमकतात. घाबरलेले घरचे मांजर ओळखीच्या हाकेलाही उत्तर देत नाही, म्हणून हाक मारून पुढे जाऊ नये, वाकून पाहावे. पहाटे दोन ते चार ही वेळ चांगली, कारण फटाके थांबलेले असतात आणि वाहतूक विरळ असते. सुरक्षारक्षकाला फोटो दाखवावा, अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकावा आणि सकाळी गाड्या सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारायला सांगावे. गळ्यात झटक्याने सुटणारा पट्टा आणि फोन नंबर किंवा त्वचेखाली मायक्रोचिप असेल तर परत येण्याची शक्यता वाढते. रस्त्यावरच्या मांजरांसाठीही पार्किंगच्या कोपऱ्यात दोन खोकी ठेवता येतात. त्यांनाही पळायला जागाच हवी असते.

दुसऱ्या दिवशी मांजर बाहेर आले नाही तर घाई करू नये. खाणे जवळ सरकवून ठेवावे. बाल्कनीत पडलेले अर्धवट जळालेले फटाके, दारूची पूड आणि तारा झाडून टाकाव्यात, कारण पंज्याला लागलेली पूड मांजर चाटून पोटात घेते. दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो. पहिली लघवी. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची अरुंद मूत्रनलिका तुंबू शकते. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंबही पडत नाही, असे दिसले तर सण असो की मध्यरात्र, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. एका दिवसाच्या दिरंगाईने जीव जातो. दुसरी गोष्ट खाणे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवा आजार सुरू होतो.

खोके मात्र पाडव्यानंतर उचलू नये. तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि कित्येक गल्ल्यांत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, उरलेल्या माळा फुटत राहतात. त्यानंतरही खोके तिथेच राहिले तर 31 डिसेंबरच्या मध्यरात्री मांजराला ते नव्याने शोधावे लागत नाही.